चांदबीबीचा नसलेला महाल : नगर पाहावे कसे?

१/ शिर्डी किंवा शनिशिंगणापूरच्या वाटेवर बहुतेक प्रवासी नगरला चहापुरते थांबतात. वेळ उरलाच तर ‘चांदबीबी महाला’समोर छायाचित्र काढून पुढे निघतात. निजामशाहीच्या राजधानीची ही उपेक्षा आहे. आज अहिल्यानगर म्हणवणाऱ्या या शहराला किमान एक पूर्ण दिवस द्यायला हवा.

२/ आरंभ त्या ‘महाला’पासूनच करावा. पाथर्डी रस्त्यावर, शाह डोंगरावरील ही अष्टकोनी तीनमजली वास्तू महाल नसून मकबरा आहे. तो आहे मुर्तजा निजामशाहाचा वजीर दुसरा सलाबतखान याचा. चांदबीबीशी तिचा संबंध लोकांच्या तोंडी जडला, इतिहासात नाही.

३/ म्हणून चांदबीबी खोटी ठरते का? मुळीच नाही. हुसेन निजामशाहाच्या या कन्येने १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मुघल सैन्याला वेढ्यात झुंजवले. तिला शोधायचे तर डोंगरावर नव्हे, भुईकोट किल्ल्याच्या तटावर शोधावे. चुकीच्या जागी वाहिलेली आदरांजली खऱ्या जागेला विस्मरणात ढकलते.

४/ किल्ल्याचा दगडी तट व खंदक हुसेन निजामशाहाच्या काळातला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने तो घेतला. १९४२ नंतर नेहरू, मौलाना आझाद आदी नेते येथेच बंदिवान होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ याच भिंतींआड लिहिला गेला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे, प्रवेशाची स्थिती आधी विचारून घ्यावी आणि छायाचित्रांबाबत पहाऱ्यावरील जवानाचा शब्द अंतिम मानावा.

५/ किल्ल्याजवळच दमडी मशीद आहे, १५६७-६८ मधील. मजुरांनी रोजची एकेक दमडी बाजूला ठेवून ती उभारली, अशी आख्यायिका. आख्यायिका आख्यायिका म्हणूनच ऐकावी. दगडातील अक्षरांचे कोरीवकाम मात्र डोळ्यांनी तपासावे. सकाळच्या तिरप्या उन्हात ते ठळक दिसते.

६/ मशीद आणि दर्गा ही केवळ पुराणवस्तू नव्हे, हे तरुण अभ्यासकांना वारंवार सांगावे लागते. नमाजाच्या वेळा, विशेषतः शुक्रवारची दुपार, टाळाव्यात. पादत्राणे बाहेर ठेवावीत, अंग झाकणारे कपडे असावेत, प्रार्थना करणाऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. देवळात जी अदब आपोआप पाळली जाते, तीच येथेही पाळली की पुरे.

७/ शहराच्या पश्चिम अंगाला बाग रौजा आहे : संस्थापक अहमद निजामशाहाची कबर. फराहबागेतील पडक्या महालाभोवतीचे कोरडे तळे पाहिले, की खापरी नळांनी खेळवलेल्या पाण्याची कल्पना करता येते. राजधानी केवळ तटाने नव्हे, पाण्याने उभी राहते, हा धडा येथे मिळतो. शाह डोंगर संध्याकाळसाठी ठेवावा. पाणी मात्र सोबत न्यावे.

८/ आणि शेवटचे. मकबऱ्याच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली बदामाची चित्रे व नावे पाहून खेद वाटतो. ती कोरणारे कुणी परके आक्रमक नव्हेत, सहलीला आलेली आपलीच मंडळी. साडेचारशे वर्षे जुन्या दगडाला ऊन-पावसापेक्षा पाहुण्यांचे भय अधिक असावे, ही नामुष्की आहे.

९/ इतिहासप्रेम म्हणजे तारखा पाठ असणे नव्हे. वास्तूला तिचे खरे नाव परत देणे, तिथल्या भाविकांना मान देणे आणि भिंतीला ओरखडा न उमटवता परतणे, एवढे जमले तरी सलाबतखान आणि चांदबीबी या दोघांनाही न्याय मिळेल.