अर्जासोबतचे पत्र : मागणीपत्र

प्रति,
व्यवस्थापन व मेट्रन,
जिल्ह्यातील सर्व खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होम

विषय : स्टाफ नर्सच्या अर्जासोबत मागितल्या जाणाऱ्या कव्हर लेटरबाबत

महोदय/महोदया,

सरकारी भरतीत हा प्रश्न येतच नाही. एम्सची नॉरसेट असो की राज्याची भरती, ऑनलाइन अर्ज भरायचा आणि परीक्षा द्यायची. खासगीत मात्र काही ठिकाणी इंग्रजी कव्हर लेटर सक्तीचे केले आहे, आणि ते कोण वाचते हे आम्हाला अजून कळलेले नाही. आमच्या एका सिस्टरने झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेल्या पत्रात आधीच्या गिऱ्हाइकाच्या रुग्णालयाचे नाव तसेच राहिले होते. तिची निवड झाली!

म्हणून पत्राची सक्ती काढा, ही पहिली मागणी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी आणि अनुभवाचा दाखला असताना पत्र नाही एवढ्यावर अर्ज बाजूला पडू नये. इंग्रजी तपासायचे म्हणाल, तर औषधांचा चार्ट पुढे ठेवा आणि वाचायला सांगा. तेवढे इंग्रजी यायलाच हवे, यात आमचे दुमत नाही.

पण पत्रच नको, असेही आम्ही म्हणत नाही. मध्यंतरी एका सभासदाने दाखवलेले हे पत्र पाहा : ‘एनआयसीयूत सहा वर्षे काम केले. नंतर सासूबाईंच्या आजारपणामुळे तीन वर्षे घरी होते. बाळांना आयव्ही लावायचा हात थोडा सुटला आहे. पहिले पंधरा दिवस सीनियरसोबत ड्यूटी मिळावी.’ बायोडेटात ही तीन वर्षे नुसती रिकामी दिसली असती. यातली कबुली रुग्णाच्याही हिताची आहे. असे पत्र मराठीत, हाताने लिहिलेले असले तरी स्वीकारावे आणि ते एचआरच्या फायलीत न जाता मेट्रनच्या टेबलावर जावे. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये अर्जातले निवेदन त्या पदाच्या अपेक्षांशी ताडून पाहतात. तिकडे गेलेल्या आमच्या मुली ते मन लावून लिहितात, कारण ते वाचले जाते.

दुसरी बाजू जाहिरातीची. ‘स्टाफ नर्स पाहिजेत, पगार योग्यतेनुसार’ एवढ्यावर कोणी काय लिहावे? कॅज्युअल्टी की डायलिसिस, खाटा किती, नाइट किती, पगार किती, हे आधी छापा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार 2016 मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने 50 खाटांहून लहान रुग्णालयातही किमान 20,000 रुपये वेतन सुचवले होते. आकडा छापायला संकोच का वाटतो, ते आम्ही ओळखून आहोत.

आमच्या सभासदांनाही सांगून ठेवले आहे : जीएनएम किंवा बीएस्सी होऊन थेट आलेल्या, सांगण्यासारखे वेगळे काही नसलेल्या मुलीने पत्र जोडण्याच्या फंदात पडू नये. विभाग बदलायचा असेल, मध्ये खंड पडला असेल, किंवा आधीच्या ठिकाणी रिलीव्हिंग लेटर अडकवले असेल, तर मात्र जरूर लिहावे. अर्ध्या पानात. आणि नाव-गाव दोनदा तपासून.

यावर बैठक बोलवावी. ती दुपारच्या हँडओव्हरनंतर ठेवली, तर सकाळपाळीच्या सिस्टर आणि ब्रदर येऊ शकतील.

आपले,
परिचारिका संघटनेची जिल्हा कार्यकारिणी