दिवाळी सरल्यानंतरचे प्रकरण

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाच्या फराळाशेजारी कथा-कादंबरीचे एक ताट कायमचे मांडले गेले आहे. या ताटातील एक पदार्थ वाचकांच्या विशेष आवडीचा. दोन मैत्रिणी असतात. त्यांपैकी एकीच्या पदरात ध्यानीमनी नसताना आईपण येऊन पडते. कधी लग्नावाचून दिवस राहतात, कधी वारलेल्या बहिणीचे तान्हे सांभाळावे लागते. घरच्यांचे दार बंद होते आणि मैत्रिणीचे दार उघडते. लोणावळ्या-खंडाळ्याकडचा एखादा जुना बंगला, पहाटेचे धुके, देखभालीच्या बाईने करून दिलेला काढा, आणि वसुबारसेला सुरू झालेली गोष्ट भाऊबिजेच्या ओवाळणीपाशी येऊन थांबते. रुसलेले वडील पाळण्याच्या दोरीला हात लावतात. वाचक डोळे पुसून अंक मिटतो.

अशा कादंबरीची टवाळी करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. विजय तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधील बेणारेबाईंभोवती माणसांची उणीव नव्हती. वकील होते, समाजसेवक होते, कुटुंबवत्सल गृहिणी होती; खेळातला खटला खरा होत गेला तेव्हा त्यांच्या बाजूने निर्धाराने उभे राहणारे मात्र कोणी निघाले नाही. सणाची कादंबरी नेमकी ही रिकामी जागा भरते. तिच्या गोडव्याखाली एक कणखर विधान आहे: नाते रक्ताने किंवा मंगलाष्टकांनीच सिद्ध होते असे नाही. आपल्या दिवाळीत पतीसाठी पाडवा आहे, भावासाठी भाऊबीज आहे, आईपणासाठी वसुबारस आहे. मैत्रिणीच्या नावाने एकही दिवा नाही. तो लावण्याचे काम कथालेखकांनी केले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

प्रश्न पुढचा आहे. अंक मिटल्यावर त्या मैत्रिणीचे, त्या आईचे आणि त्या मुलाचे काय होते?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर एकदा कादंबरीबाहेर दिले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि मूल तेथे ठेवून जाण्याची तिला मोकळीक असावी, अशी ती व्यवस्था होती. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला १८७४ साली झालेला मुलगा या निपुत्रिक दांपत्याने आपला मानला. त्या यशवंताला त्यांनी डॉक्टर केले. १८९० साली जोतीराव गेले, तेव्हा दत्तकपुत्राच्या अधिकाराला भाऊबंदांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. १८९७ च्या प्लेगमध्ये याच मुलाच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता त्यांना मृत्यू आला. अनपेक्षित मातृत्वाची याहून हृदयस्पर्शी कथा मराठीत सापडणे कठीण. परंतु या कथेचा प्रारंभ हृदयापासून झाला असला तरी तिचा आधार एक संस्था होती. खाटा होत्या, औषध होते, दाराबाहेर भिंतीवर लावलेली जाहीर सूचना होती. फुल्यांनी करुणेला पत्ता दिला.

मुलाच्या नावाचा आणि हक्काचा तो वाद अद्याप मिटलेला नाही. सणाची कादंबरी ज्या मावळात आपला बंगला उभारते, तेथील पाषाणालाच याविषयी काही सांगावयाचे आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहनकाळातील लेख आहेत. महारठी कौशिकीपुत्र मित्रदेवाचा मुलगा महारठी वासिष्ठीपुत्र सोमदेव याने भिक्षुसंघाला गाव दान दिल्याची नोंद त्यांत आहे. बाप आणि मुलगा, दोघेही आईच्या नावाने ओळखले जातात. वेदिकेचे दान देणारी एक भिक्षुणी आपली ओळख घुणिकाची माता अशी करून देते. पतीचा उल्लेखही तिला आवश्यक वाटत नाही. याचा अर्थ तेव्हा स्त्रीराज्य होते असा नव्हे. सत्ता पुरुषांच्याच हाती होती. पण आईचे नाव सांगण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता, एवढे खास. त्या चैत्यासमोर आज एकवीरेचे देऊळ आहे. नवरात्रात आणि चैत्रात कोळी-आगरी भाविक कोकणपट्टीतून आपल्या आईला भेटावयास येतात आणि तिला तिच्या नवऱ्याचे नाव विचारीत नाहीत.

माणसांच्या आईला मात्र ते नाव शतकानुशतके विचारले गेले. अविवाहित मातेने वडिलांचे नाव उघड न करता पालकत्वासाठी अर्ज करावयास हरकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण मैत्रीण अजून उंबरठ्याबाहेरच आहे. दत्तकाचे नियम विवाहित जोडप्याला ओळखतात, एकट्या स्त्रीलाही ओळखतात; दोन मैत्रिणींनी मिळून मूल दत्तक घेण्याची वाट त्यांत नाही. रात्री जागणारी, फी भरणारी, तापाने फणफणलेल्या पोराला पाठीवर घेऊन धावणारी दुसरी स्त्री कागदोपत्री त्या मुलाची कोणीही नसते. उद्या आईचे बरेवाईट झाले तर ज्यांनी दार लावून घेतले होते तेच आप्त हक्क सांगत पुढे येतात. कादंबरीत भाऊबिजेला येणारे वडील प्रत्यक्षात वकील घेऊनही येऊ शकतात.

आणि त्या बंगल्यात काढा करून देणारी बाई? कादंबरीत तिला बहुधा आडनाव नसते. पवन मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या कोणत्याही वाडीत ती सापडेल. तिच्या सासऱ्याची जमीन धरणात गेलेली असेल, रस्त्यात गेलेली असेल किंवा त्याच बंगल्याखाली असेल. तिलाही कधी ध्यानीमनी नसताना आईपण आलेले असते आणि तेव्हा शेजारणीनेच तिचे मूल सांभाळलेले असते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील स्त्रियांसाठी. बंगल्यात एकटीने केरवारा करणारीचा त्यात समावेश नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर मातेला किमान सहा हजार रुपयांचे आश्वासन दिले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ते पहिल्या अपत्यापुरते आखडून पाच हजारांवर आणले. सहा महिने बाळापाशी बसण्याची चैन शहरातल्या नायिकेला परवडते, कारण डोंगरातली बाई बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच तिची भांडी घासावयास आलेली असते.

म्हणून सणाच्या कादंबरीकडे मागणे आहे ते गोडवा कमी करण्याचे नाही, तर एक प्रकरण वाढवण्याचे. त्यात शाळेतला प्रवेशअर्ज यावा, रुग्णालयातला संमतिपत्राचा कागद यावा, देखभालीच्या बाईचा खाडा आणि कापलेला पगार यावा. परिवर्तनवादी चळवळीने तर याहून पुढे गेले पाहिजे. मूल प्रत्यक्ष वाढवणाऱ्या व्यक्तीला, ती पत्नी वा आप्त नसली तरी, सहपालक म्हणून नोंद मिळावी. घरकामगार स्त्रीला प्रसूतीची पगारी रजा मिळावी. लोणावळ्यासारख्या पर्यटनावर जगणाऱ्या नगरात तिच्या मुलासाठी सुट्टीच्या दिवशीही उघडे राहणारे पाळणाघर असावे. कारण पर्यटकांची सुट्टी हाच तिचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो. मैत्रिणीच्या चांगुलपणावर एक दिवाळी निभावते. मूल वाढायला अठरा दिवाळ्या लागतात.