खोडदची दुर्बीण आणि नाशिकची गाडी

पोशीरहून नेरळ गाठून लोकल पकडल्याशिवाय मला कॉलेज दिसत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. रेल्वे नसती तर बारावीनंतर शेतावरच राहिलो असतो. तरीही पुणे–नाशिक रेल्वेच्या वादात मी दुर्बिणीच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जुन्नर तालुक्यात खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. नारायणगावकडून विजेची गाडी धावू लागली तर तिचा रेडिओ-गोंगाट या लहरींना गिळून टाकील, म्हणून रेल्वे खात्याने तो मार्ग बदलण्याचे ठरविले. तिकडच्या लोकांना हे रुचलेले नाही. टोमॅटो पिकविणाऱ्याने तबकड्यांपायी गाडी का सोडावी, हा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नाही.

मला सुचलेले उत्तर पोशीर नदीच्या काठचे आहे. पूर ओसरल्यावर लव्हाळे कोणीकडे वाकले आहे ते पाहून पाणी कसे गेले हे आमच्याकडे कोणीही सांगेल. आकाशातही तसेच. काही दीर्घिकांच्या पोटातील कृष्णविवराजवळून दोन बाजूंना झोत निघतात व ते रेडिओलहरी फेकतात. दीर्घिका तप्त, विरळ वायूतून वेगाने जात असली की हे झोत शेपटीसारखे मागे वाकतात. दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांत मिसळू लागले म्हणजे वायू ढवळून निघतो. साध्या दुर्बिणीला तो दिसत नाही, पण वाकलेल्या शेपट्या त्याचा ओघ सांगतात. झोत बंद पडल्यावरही जुने कण कमी कंप्रतेवर दीर्घकाळ मंदपणे ‘बोलत’ राहतात, आणि ते ऐकण्यात खोडद तरबेज आहे.

एनजीसी ६३३८ या समूहाचा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात क्ष-किरण दुर्बिणींच्या जोडीला खोडदची निरीक्षणे होती. तेथे दोन समूह जवळजवळ आपल्या दृष्टिरेषेतच आदळत आहेत. वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापला आहे. झोत मात्र दोन्ही गाभ्यांत सध्या थंडावलेले.

गाडीला दुसरा रस्ता काढता येतो, लांबचा का होईना. खोडदची जागा डोंगरांच्या आडोशासाठी आणि शांततेसाठी मुद्दाम निवडलेली. ती उचलून कोठे नेणार? (डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण आमच्या लोकलच्याच वाटेवर, कल्याणला, उभारली होती. आजच्या कल्याणात कल्पना तरी करवते का!)

मात्र ज्यांची गाडी गेली त्यांना बदल्यात काय मिळाले, हे त्यांच्या भाषेत सांगायला हवे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी खोडदची दारे सर्वांना उघडतात, पण एवढ्याने भागणार नाही. एनजीसी ६३३८ ची हकीकत नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर मराठीत लावा. आणि त्याच स्टँडवरून सकाळच्या गाड्या वाढवा. तिथेही कोणाच्या तरी घरातला पहिला मुलगा, पहिली मुलगी कॉलेजला निघालेली असेल.