बरोबरीला भ्याडपणा म्हणू नका

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की 'काहीच घडलं नाही' असं म्हणून आपण मोकळे होतो. मग उपाय सुचवले जातात: फुटबॉलसारखे विजयाला तीन गुण द्या आणि बरोबरीला एकच, म्हणजे खेळाडू जिवावर उदार होऊन खेळतील! हे म्हणणाऱ्यांनी २००० साली लंडनमध्ये झालेली कास्पारोव-क्रॅमनिक लढत पुन्हा पाहावी.

कास्पारोव १९८५पासून जगज्जेता. पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं आणि क्रॅमनिकने बर्लिन बचाव काढला. आठव्या खेळीला दोन्ही वजीर पटाबाहेर. काळ्याचा कॅसलिंगचा हक्क गेलेला, दोन प्यादी एकाच उभ्या पट्टीत एकामागे एक अडकलेली. दिसायला काळ्याचीच पंचाईत. पण वजीरच नाहीत म्हटल्यावर त्या उघड्या राजावर धावून जायचं कुणी? कास्पारोवचं सगळ्यात धारदार हत्यार सुरुवातीलाच म्यान झालं. पहिला, तिसरा, नववा आणि तेरावा अशा चार डावांत हा बचाव आला, चारही बरोबरीत सुटले. क्रॅमनिकने पंधरापैकी दोनच डाव जिंकले, कास्पारोवने एकही नाही. किताब ८.५-६.५ असा गेला. याला 'काहीच घडलं नाही' म्हणायचं?

टीकाच करायची तर तेराव्या डावावर करा. दोन गुणांची पिछाडी, हातात पांढरी मोहरी, तरी चौदा खेळ्यांत डाव बरोबरीत मिटला. पण यात बर्लिनचा काय दोष? चौथ्या खेळीला कॅसलिंग न करता वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं की पांढऱ्याला वजिरांची ती मारामारी टाळता येते. आज कित्येक खेळाडू तेच करतात.

तीन गुणांच्या नियमाला हा फरक कळतच नाही. तासन्‌तास झुंजून वाचवलेला डाव आणि हस्तांदोलनाने उरकलेला डाव त्याच्या लेखी सारखेच, शिक्षाही सारखीच. त्यापेक्षा २००५ साली सोफियाच्या स्पर्धेने आणलेला नियम शहाणा: आपसात बरोबरी ठरवायची नाही, खेळत राहायचं. तीच स्थिती तीनदा आणण्याची पळवाट तिथेही उरते, मान्य. पण निदान रोख तडजोडीवर आहे, बचावावर नाही.

काळ्या मोहऱ्या घेऊन बसणारा एक खेळी मागे राहूनच सुरुवात करतो. न हरणं हीसुद्धा त्याची कमाई आहे. त्याची भिंत पाडायचीच असेल तर पटावर पाडा, गुणतक्त्यात नको.