सहल म्हणजे खेळ नव्हे

गंभीर आजारी मुलाला एखाद्या संस्थेने थीम पार्कला नेलं, की आपल्या मोहल्ल्यात दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. पहिला म्हणतो, "एवढ्या पैशात औषधं आली असती. पाळण्यांवर पैसे उडवण्यात कसला आलाय सवाब?" दुसरा काही बोलत नाही, तो बॅनर छापायला टाकतो. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण दोघांची समजूत एकच आहे: सहल ही हलकी गोष्ट. म्हणून पहिल्याला ती फालतू वाटते आणि दुसऱ्याला ती कशीही उरकली तरी चालते. माझं भांडण या समजुतीशी आहे.

आधी पहिल्याशी बोलतो. मुद्दा जकातीचा असेल तर तुमचं बरोबर आहे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार ठरवून दिलेत. शिवाय ती रक्कम गरिबाच्या मालकीची झाली पाहिजे, असं हनफी उलेमा सांगतात. सहलीचा खर्च त्यात बसवण्याची ओढाताण कुणी करू नये. पण जकात ही अडीच टक्क्यांची किमान जबाबदारी आहे. सदक्याला वरची मर्यादा नाही. वलिम्याचा हॉल सजवताना ज्यांना 'इस्राफ' हा शब्द आठवत नाही, त्यांना तो केमोथेरपी घेणाऱ्या पोराच्या एका दिवसावर नेमका कसा आठवतो?

हजरत अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याचं आवडतं छोटं पाखरू मेलं. मदिन्याचा सगळा कारभार शिरावर असलेल्या प्रेषितांनी (स.) त्या पोराकडे त्याच्या पाखराची विचारपूस केली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. विचारल्याने पाखरू परत येणार नव्हतं. हिशेबी माणसाच्या दृष्टीने त्या विचारण्याचा उपयोग शून्य. तरी विचारलं गेलं आणि उम्मतीने ते चौदाशे वर्षं जपून ठेवलं. लहान मुलाचं दुःख मोठ्यांच्या कामांइतकंच खरं असतं, याला याहून मोठा दाखला कोणता हवा?

आता औषधाचं. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर म्हणजे ए.एल.एल. त्याचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतो. पाच वर्षांच्या मुलासाठी हे जवळजवळ अर्धं आयुष्य. या काळात सुई कधी टोचायची, काय खायचं, शाळा कधी बंद, घराबाहेर कधी, हे सगळं दुसरे ठरवतात. "तुला काय हवंय?" असं त्याला कुणी विचारतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे मुलांची वेदनाशामक काळजी निदानाच्या दिवसापासूनच सुरू होते, आणि तीत शरीराबरोबर मनही येतं. मन उपचाराच्या बाहेर ठेवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिलेला नाही. तो आपल्या कंजूषपणाने दिलेला आहे.

या कामाची सुरुवातही अशाच एका प्रश्नातून झाली. १९८० साली अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ख्रिस ग्रेशियस या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर होता आणि त्याला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या पोलिसांनी त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला, त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं. काही दिवसांतच तो गेला. त्यातून 'मेक-अ-विश' ही संस्था उभी राहिली. तिची भारतातली शाखा १९९६ पासून काम करते. तीन ते अठरा वर्षांच्या गंभीर आजारी मुलांना ती त्यांची इच्छा विचारते.

आता दुसऱ्याशी बोलतो, आणि हे भांडण जास्त कडक आहे. कारण पहिला फक्त देत नाही. दुसरा देतो आणि देताना मुलाचा जीव धोक्यात घालतो.

वरसावे नाका डोळ्यांसमोर आणा. मिरा रोडहून काशिमिरामार्गे येणारी गाडी असो, की नालासोपारा-वसईहून खाडीपूल ओलांडून येणारी, ठाण्याकडे वळायचं तर गाठ इथेच पडते. या भागातल्या मुलांसाठी सर्वांत जवळचं पार्क होतं गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क २०२२ पासून बंद आहे. घोडबंदर रोडवर वॉटर पार्क आहे, पण छातीत किंवा दंडात सेंट्रल लाईन बसवलेल्या मुलाला त्या पाण्यात उतरवणं म्हणजे जंतूंना थेट रक्तात बोलावणं. मग उरतं २०१३ साली सुरू झालेलं खोपोलीजवळचं इमॅजिका. म्हणजे वरसावे, गायमुखचा घाट, ठाणं आणि पुढे एक्सप्रेसवे. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास.

या महामार्गाची ओळख मी काय करून देणार? २०२३ साली वरसाव्याला खाडीवर नवा पूल सुरू झाला, तरी कोंडी संपली नाही. २०२५ च्या पावसाळ्यात याच महामार्गावरच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकून माणसं दगावली. त्यांत एक तान्हं मूलही होतं. अशा रस्त्यावर केमो चालू असलेल्या मुलाला पंचेचाळीस जणांच्या बसमध्ये कोंबायचं, सकाळी दहाला नारळ फोडून आणि दुआ मागून गाडी सोडायची, आणि त्याला 'नियोजन' म्हणायचं?

नियोजन रक्ताच्या रिपोर्टपासून सुरू होतं. केमोनंतर साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली असताना मुलाला गर्दीत नेणं हा गुन्हाच समजा. पेशी वर आल्या आणि पुढचा डोस अजून लांब आहे, असे मोजके दिवस मिळतात. तारीख त्यांतून निघते आणि ती डॉक्टर सांगतात. प्रमुख पाहुण्यांच्या सवडीने ती काढता येत नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याची सहल रक्त चढवल्यानंतरच्या ताज्या दिवसांत हवी, नाहीतर ते दिवसभर बाकावर दमून बसेल आणि इतरांचे पाळणे बघेल.

प्लेटलेट कमी असतील तर झटके देणारे पाळणे बंद. काही औषधांनी पायातली ताकद जाते, म्हणून चाकाची खुर्ची सोबत हवी. उघड्यावरचं खाणं नको. घरून ताजा डबा. थर्मामीटर पिशवीत, आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर पार्क तिथेच सोडून हॉस्पिटल. क्रोसिन देऊन "बघू थोडा वेळ" म्हणायचं नाही. म्हणून वाटेतलं कोणतं हॉस्पिटल गाठायचं, हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. गाडी पहाटे निघायला हवी, आणि परतताना कोंडीत दोन तास गेले तरी पुरतील इतकी औषधं आणि पाणी जवळ हवं. यातलं एकही काम फोटोत दिसत नाही. म्हणूनच ती होत नाहीत.

उशीर हाही गुन्हाच. हेन्री लँडवर्थ हा ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला माणूस पुढे फ्लोरिडात हॉटेलं चालवत होता. डिस्ने पार्क बघायची इच्छा असलेल्या एका आजारी मुलीला त्याच्याकडे फुकट खोली मिळाली होती. बाकीची तिकिटं आणि कागदपत्रं जमेपर्यंत ती मुलगी गेली. त्या रिकाम्या खोलीतून १९८६ साली 'गिव्ह किड्स द वर्ल्ड' ही संस्था उभी राहिली. आजारी मुलाच्या कुटुंबाचा मुक्काम, जेवण, पार्कची तिकिटं, सगळं तिथे एकाच ठिकाणी मिळतं. आपल्याकडे मात्र अर्ज कमिटीपुढे, कमिटीची बैठक ईदनंतर, ईदनंतर निवडणूक. आजाराला आपली कमिटी ठाऊक नसते.

राहिला बॅनर. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही शिकवण मिंबरवरून आपण किती वेळा ऐकली असेल. आणि पार्कच्या दारात आपण केस गळालेल्या मुलीच्या हातात संस्थेच्या नावाची पाटी देतो. "आईवडिलांची परवानगी घेतली होती," असं उत्तर मिळतं. ज्याच्या हातात तिकीट आहे, त्याला नाही कोण म्हणेल? त्या अम्मीने मान हलवली, ती नाइलाजाने. ती मुलगी बरी होऊन कॉलेजात जाईल, तिच्या लग्नाची बोलणी होतील, तेव्हाही तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल. दान देऊन ते बोलून दाखवलं, घेणाऱ्याला दुखावलं, तर दान वाया जातं, हे कुरआनने स्पष्ट सांगितलंय. ही रियाकारी आहे. तिला दुसरं नाव देऊ नका.

आणि मुलाला विचारा. कदाचित त्याला पार्क नकोच असेल. दिवसभर आजीच्या गावी किंवा समुद्रावर बसायचं असेल. ज्याची इच्छा, त्यालाच न विचारता सहल ठरली, तर ती संस्थेची सहल झाली.

मिरा रोड, नालासोपारा, वसईतल्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्यापैकी अनेकांकडे चांगली गाडी आहे. महिन्यातला एक दिवस ती गाडी, चालक आणि पेट्रोल एखाद्या आजारी मुलाच्या नावाने ठेवा, आणि हे जवळच्या हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात जाऊन सांगून या. तारीख डॉक्टर ठरवतील, ठिकाण मूल ठरवेल. तुम्ही पहाटे पाचला दारात गाडी उभी करायची, आणि मोबाइल खिशातच ठेवायचा.