बांधलेल्या कुत्र्याची बाजू

सोसायटीत कुत्र्याच्या भुंकण्याची तक्रार केली की लोकांची लगेच वाटणी होते. एका बाजूला प्राणिप्रेमी, दुसऱ्या बाजूला प्राणिद्वेष्टे. तक्रार करणाऱ्याला न विचारताच दुसऱ्या बाजूला उभं केलं जातं, आणि त्याचं नाव माझ्यासारखं असेल तर त्याच्यासाठी आणखी एक कोपरा राखून ठेवलेला असतो. मला ही वाटणीच मान्य नाही. दिवसाचे अकरा तास साखळीला बांधलेला कुत्रा समोर दिसतो आणि तरीही जे त्याला ‘घरातला लाडका’ म्हणतात, त्यांना प्राणिप्रेमी म्हणायला मी तयार नाही.

आधी हकीकत सांगतो. पुण्याच्या एका उपनगरात आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. शेजारी नोकरी करणारं जोडपं आहे, त्यांच्याकडे एक जर्मन शेफर्ड आहे. सकाळी साडेआठला दोघं बाहेर पडतात, जाताना कुत्र्याला ड्राय बाल्कनीत बांधतात, आणि पावणेनऊच्या सुमारास तो भुंकायला लागतो. ते परततात संध्याकाळी साडेसातला. त्यांची ड्राय बाल्कनी आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये फक्त डक्ट आहे. माझी पत्नी नर्स आहे. आठवड्यातल्या चार रात्री तिची आयसीयूमध्ये पाळी असते, म्हणजे तिची झोपायची वेळ सकाळी नऊला सुरू होते. रात्री तिच्या हातात दुसऱ्याच्या जिवाचा डोस असतो. ती दोन तास झोपून कामावर गेली तर धोका फक्त आमच्या घराला नसतो.

मी चौदा दिवस वहीत नोंद ठेवली. त्यात कामाचे दिवस दहा. त्यांपैकी नऊ दिवशी भुंकणं सगळं मिळून चार तासांच्या वर गेलं. सर्वांत लांब सलग भुंकणं एक तास पन्नास मिनिटांचं होतं. शनिवार-रविवारी मात्र, मालक घरात असताना, हाच कुत्रा जवळजवळ गप्प होता. एवढी एकच नोंद वाचली तरी भांडणाचा निकाल लागायला हवा. कुत्रा जर स्वभावानेच भुंकरा असेल, तर त्याचा स्वभाव शनिवारी सुट्टीवर जातो का?

पहिल्यांदा मी शेजाऱ्यांच्याच दारात गेलो. उत्तर मिळालं, “कुत्रा आहे भाऊ, भुंकणारच.” मग कमिटीकडे लेखी अर्ज दिला. सेक्रेटरी काका वयाने मोठे, माणूस सज्जन. त्यांनी अर्ज वाचला आणि हसत म्हणाले, “तुमच्यात कुत्रं चालत नाही ना, म्हणून तुम्हाला जास्त जाणवत असेल.” रात्री सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की पहाटेचा भोंगा चालतो आणि कुत्रं मात्र चालत नाही. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वहीतल्या नोंदींबद्दल एकानेही एक शब्द विचारला नाही.

या सगळ्यांना उत्तर देणं भाग आहे. ‘भुंकणारच’ पासून सुरुवात करू. कुत्रा भुंकतो, हे खरंच. दारावर अनोळखी माणूस आला, लिफ्ट वाजली, मालक परतला की तो भुंकेल. ते ऐकून घेणं हा शेजारधर्मच आहे, आणि त्याबद्दल कुरकुर करणाऱ्याला मीही दोन शब्द सुनावीन. पण तासनतास एकाच सुरात चाललेलं भुंकणं वेगळं. कुत्रा कळपात राहणारा प्राणी आहे, आणि जर्मन शेफर्ड तर मेंढरं राखण्यासाठी तयार झालेली जात. दिवसभर धावायचं, माणसाच्या इशाऱ्यावर काम करायचं, यासाठी तिची पैदास झाली. अशा जनावराला चार फुटांच्या जागेत, वॉशिंग मशिनच्या शेजारी, एकट्याला अकरा तास ठेवायचं आणि वर म्हणायचं की तो स्वभावाने भुंकतो! तो हाका मारतो आहे. मालकाच्या कानावर त्या पडत नाहीत, कारण त्या वेळी मालक ऑफिसात असतो. त्या पडतात आमच्या कानावर. म्हणजे तक्रार मुळात कुत्र्याचीच आहे, मी फक्त ती कागदावर उतरवून कमिटीकडे नेली.

हे माझं एकट्याचं हळवेपण नाही, कायद्याचंही हेच म्हणणं आहे. १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ उघडून पाहा. सतत साखळीने बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवण्याकडे मालकाने दुर्लक्ष केलं, तर तो गुन्हा आहे. कुत्र्याचा वेगळा उल्लेख करून तसं लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला आकडा. आज तेवढ्यात बिस्किटांचे दोन पुडे येतात. कायद्याने अपराध ओळखला, पण त्याची किंमत अशी ठरली की कुणाला भीती वाटू नये.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांचाही हवाला मला देण्यात आला. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. बरोबर आहे, आणि मला ते मान्यही आहे. पण सूचना अर्धीच का वाचायची? सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून कुत्रा शांत राहावा यासाठी, विशेषतः रात्री, मालकाने सर्व प्रयत्न करावेत, हेही त्याच सूचनांमध्ये आहे. हक्काचं वाक्य पाठ आणि जबाबदारीचं वाक्य गाळलेलं, अशी ही वाचनाची पद्धत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण ज्यांची रात्र दिवसा असते, त्या नर्सचं, वॉचमनचं, कॉल सेंटरमधल्या मुलांचं काय? त्यांची झोप कुठल्याच घड्याळात बसत नाही. तिथे कायद्याच्या आधी शेजारी उभा राहायला हवा.

आता ‘तुमच्यात कुत्रं चालत नाही’ याबद्दल. माझं घराणं रत्नागिरीकडचं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई फिकहात कुत्र्याला नापाक मानतात, हे खरं. हनफी लोकांत मुख्य प्रश्न लाळेचा आहे, आणि मालिकी फिकहात तर जिवंत कुत्रा पाकच मानला जातो. पण नापाक म्हणजे काय? त्याचा स्पर्श झाला तर नमाजाआधी अंग-कपडे धुवायचे, एवढंच. नापाक म्हणजे तिरस्करणीय नव्हे. गुहेतल्या साथीदारांबरोबर उंबऱ्यावर पाय पसरून बसलेल्या कुत्र्याची आठवण कुरआनने जपली आहे. शिकवलेल्या शिकारी कुत्र्याने पकडून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून, चामड्याच्या मोज्यात भरून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, ही हदीस आमच्या मदरशातल्या लहान पोरांनाही ठाऊक असते. आणि दुसरी हदीस एका बाईची. तिने मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, स्वतःचं पोट भरायला मोकळंही सोडलं नाही, आणि त्यापायी ती जहन्नमला गेली. धर्माच्या नावाने मला गप्प बसवू पाहणाऱ्यांनी ही हदीस ऐकावी. माझा धर्म या भांडणात आणायचाच असेल तर तो कुत्र्याच्या बाजूने उभा राहतो.

हेच मला माझ्या माणसांनाही सांगायचं आहे. ‘फरिश्ते येत नाहीत’, ‘नमाजाला अडचण होते’ अशी कारणं घेऊन कमिटीच्या दारात जाऊ नका. तुमच्या घरात कुत्रा आणायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. शेजाऱ्याच्या घराला तुमचा मसला लागू होत नाही. अशा तक्रारीने खऱ्या त्रासाची किंमत जाते आणि कुत्रा मात्र साखळीलाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे विषाची गोष्ट. पाव, मटणाचा तुकडा, त्यात औषध, अशा बातम्या कुठल्या ना कुठल्या शहरातून येत राहतात, आणि ते करणारे सगळ्या धर्मांचे असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण कैदेची भीती नसती तरी? बांधलेल्याला विष घालणाऱ्याची कुठलीही तक्रार ऐकून घेण्याच्या लायकीची उरत नाही.

राहिला भोंगा. मी कुठल्या मशिदीचा ट्रस्टी नाही, आणि आमच्या बेडरूमपर्यंत कुठल्या मशिदीचा आवाज येतही नाही. तरीही उत्तर देतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा नको, हा नियम आहे. फजरची अजान वर्षातले बहुतेक दिवस सहाच्या आत येते, म्हणून ती भोंग्याविनाच व्हावी. आता प्रत्येकाच्या मोबाइलात गजर आहे. भोंगा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, आणि मला त्यात काहीही वावगं वाटत नाही. दुसऱ्याची झोप मोडून इबादत मोठी होत नाही. पण हीच फूटपट्टी मांडवातल्या डीजेला लावा, लग्नाच्या वरातीला लावा, आणि चौथ्या मजल्यावरच्या ड्राय बाल्कनीलाही लावा. आवाज मोजायला यंत्र मिळतं. ते यंत्र नाव विचारत नाही.

सर्वांत जास्त खंत वाटली ती गप्प बसणाऱ्यांची. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या की डोकं धरून दाखवतात. पाचव्या मजल्यावरचा बारावीचा मुलगा कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास करतो. दोन्ही घरांनी मला सांगितलं, “तुम्ही अर्ज करा, आम्ही आहोतच.” सही मात्र कुणाची नाही. आपल्याला कुणी प्राणिद्वेष्टा म्हणेल, ही भीती. मग पुढे कोण जातो? ज्याच्याकडे गमावण्यासारखं चांगलं नाव आधीच उरलेलं नाही, तो. आणि मग त्याच्याकडे बोट दाखवायचं, की बघा, तक्रार फक्त यांचीच.

म्हणून माझा दुसरा अर्ज मी इथेच जाहीर करतो. त्यात कुत्रा काढून टाकण्याची मागणी नाही. मागण्या चार आहेत. कामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर कुत्र्याला व्यवस्थित फिरवावं. दुपारी त्याला बाहेर नेण्यासाठी माणूस ठेवावा, पुण्यात असे लोक मिळतात. नाहीतर दिवसभरासाठी पाळणाघरात ठेवावं. ड्राय बाल्कनीत बांधणं बंद करून त्याला घरात मोकळं ठेवावं, खिडकीचा पडदा ओढावा, चघळायला काहीतरी द्यावं. आणि एकदा पशुवैद्याला दाखवावं, कारण सततच्या भुंकण्यामागे कधी कधी दुखणंही असतं. विजेचा झटका देणारा पट्टा मात्र कुणी सुचवू नये. हाका मारणाऱ्याचं तोंड दाबणं हा उपाय नाही. खर्च जास्त वाटत असेल तर दुपारी अर्धा तास त्याला खाली फिरवून आणायला मी तयार आहे. अंग-कपडे धुण्यापुरतं पाणी आमच्या नळाला येतं.

अर्जाखाली सह्यांसाठी आठ ओळी सोडल्या आहेत. पहिली सही माझी आहे. दुसरी ओळ मी शेजाऱ्यांसाठीच रिकामी ठेवली आहे. कुत्र्यावर त्यांचं खरंच प्रेम असेल, तर या कागदावर सही न करण्याचं एक तरी कारण त्यांनी सांगावं.