सायकल आमची, रस्ता कुणाच्या बापाचा?

सरकारला सायकल आठवलीय. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या दिवशी आठवते. मग मंत्री टोपी घालून सीटवर बसतात, साहेब लोक पाच मिनिटं पायडल मारतात, मागं त्यांच्या मोटारी इंजिन चालू ठेवून हळूहळू येत असतात. फोटो निघतो. खाली ओळ छापतात : सायकल चालवा, तब्येत राखा, पर्यावरण वाचवा.

दोस्तांनो, मी गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली हमाली करतो. दहावी पास आहे, कविता लिहितो. वडाळ्याहून शिवडी, रे रोड करत रोज सायकलनं पाळीवर जातो. मला आजवर कुणी प्रोत्साहन दिलं नाही. पोटानं दिलं. म्हणून या 'प्रोत्साहन' नावाच्या शब्दाची जरा झडती घ्यावी म्हणतो.

प्रोत्साहन कुणाला द्यावं लागतं? ज्याच्याकडं दुसरी सोय आहे त्याला. घरात मोटार उभी आहे, त्याला म्हणायचं, बाबा रे, आज मोटार ठेव, सायकल काढ. पाववाला, दूधवाला, पेपर टाकणारं पोरगं, डबेवाला, रात्रपाळीचा वॉचमन, नाक्यावर किटली घेऊन फिरणारा चहावाला, यांना काय प्रोत्साहन देणार? ते पहाटे चारपासून रस्त्यावर आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि ४.७ टक्के घरांत मोटार. म्हंजे शंभरातली पंचेचाळीस घरं सायकलवाली, पाच घरं मोटारवाली. आता मुंबईचा कुठलाही रस्ता बघा. तो कोणत्या पाच घरांसाठी बांधलाय ते आंधळ्यालाही कळेल.

सरकारच्या डोळ्यांत आम्ही 'सायकलिस्ट' नाही. हेल्मेट घातलेला, चकचकीत पँटवाला, पंधरा गिअरवाला तो सायकलिस्ट. आम्ही नुसते सायकलवाले. त्याचा घाम म्हणजे फिटनेस. आमचा घाम म्हणजे वास.

गोदीच्या भिंतीला लागून जो रस्ता जातो त्याचं नाव पी. डिमेलो रोड. डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर ऑरेंज गेटपासून पूर्व मुक्तमार्ग वर चढतो, २०१३ साली सुरू झाला. त्याच्यावर दुचाकीला बंदी. मोटारवाला वरून वीस मिनिटांत चेंबूर गाठतो, आम्ही खाली ट्रेलरच्या चाकांशेजारून, खड्डे आणि ऑइल चुकवत चाललोय. कामगार पुढाऱ्याचं नाव पाटीवर, आणि कामगार खांबाखाली. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, तिथं दुचाकीला बंदी. २०२४ साली उघडलेला अटल सेतू, तिथंही बंदी. त्याच वर्षी उघडलेला कोस्टल रोड, सुमारे १४ हजार कोटींचा, तिथं मोटारसायकललासुद्धा मज्जाव, मग पायडलवाल्याची काय कथा! सगळे रस्ते जनतेच्या पैशातून. आम्ही काडेपेटी घेतली तरी कर भरतो.

कुणी म्हणेल, अरे, वेगवान रस्त्यावर सायकल चिरडेल, बंदी तुझ्याच भल्यासाठी आहे. ठीक. मग १४ हजार कोटींतून खाली आमच्यासाठी सुरक्षित पट्टा का निघाला नाही? आमचं भलं नेहमी बंदी घालूनच का होतं?

आता दिल्लीचं बघा. जून २०२० मध्ये केंद्राच्या शहरी विकास खात्यानं सायकलीसाठी शहरांची स्पर्धा जाहीर केली, नाव 'इंडिया सायकल्स फॉर चेंज चॅलेंज'. शंभरावर शहरांनी नावं नोंदवली. पुढं अकरा शहरांना बक्षीस, प्रत्येकी एक कोटी. आपल्याकडची नागपूर आणि पिंपरी-चिंचवड त्यात होती. कोस्टल रोडचे १४ हजार कोटी आणि सायकलीचं एक कोटी, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

पण महिना कोणता होता ते आठवा. जूनच्या आधीचे दोन महिने या देशाचा मजूर सायकलवरच होता. लॉकडाऊननं गाड्या बंद, कामं बंद. बिहारच्या दरभंग्याची पंधरा वर्षांची पोरगी, आपल्याच लोकांतली, जखमी बापाला मागं बसवून गुरुग्रामपासून गावापर्यंत सुमारे १२०० किलोमीटर गेली. देशानं काय केलं? कौतुक केलं. सायकलिंग फेडरेशननं तिला चाचणीला बोलावलं. एका पोरीला बापाला असं ओढत का न्यावं लागलं, हा प्रश्न कुणाला पडला नाही, तिच्या पायांत मेडल दिसलं.

आणि सहारनपूर. पंजाब, हरियाणाकडून सायकली मारत निघालेल्या मजुरांना तिथं थांबवलं, पुढं बसनं, रेल्वेनं पाठवलं. सायकली तिथंच ठेवून घेतल्या, हातात टोकन दिलं. हजारो सायकली मैदानात. बऱ्याच जणांनी येऊन नेल्या. पण बिहारच्या टोकावरचा मजूर एका जुन्या सायकलीसाठी भाडं खर्चून सहारनपूरला कसा येणार? २०२२ साली उरलेल्या सुमारे ५,४०० सायकली लिलावात गेल्या. आले २१ लाखांच्या आसपास. भागाकार करा, एका सायकलीला चारशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. एकीकडं सायकलीची स्पर्धा, दुसरीकडं सायकलवाल्याच्या सायकलीचा लिलाव. हे सगळं एकाच देशात, दोन वर्षांच्या आत.

कराचंही ऐकून ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, पर्यावरणासाठी. सायकल धूर सोडत नाही, वीजही खात नाही. तिच्यावर १२ टक्के तसेच राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला ५ टक्के मिळाले. म्हंजे सहा वर्षं लाखोंची मोटार घेणारा पाच टक्के देत होता आणि सहा हजारांची सायकल घेणारा मजूर बारा टक्के. पर्यावरण कुणी वाचवलं आणि सूट कुणाला मिळाली? जुनी माणसं सांगतात, पूर्वी नगरपालिका सायकलीवर कर घ्यायच्या, बिल्ला नसला की शिपाई सायकल जप्त करायचा. बिल्ला गेला, नजर गेली नाही.

मुंबईत सायकल ट्रॅक झाले नाहीत असं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं नरिमन पॉइंट ते वरळी सायकलमार्ग सुरू केला. पण दर रविवारी, सकाळचे काही तास! सोमवारी कामावर जाणाऱ्याचं काय? सोमवारी तो रस्ता परत मोटारींचा. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएनं कोट्यवधी खर्चून ट्रॅक बांधला. त्याच्यावर मोटारी पार्क झाल्या. कुणी उचलल्या नाहीत. आणि २०२५ मध्ये ठरवलं की ट्रॅक कुणी वापरत नाही, तर उखडा आणि मोटारींना आणखी एक लेन द्या. आधी सायकलीच्या जागेवर मोटार उभी करायची, मग म्हणायचं सायकलवाला येतच नाही. ही युक्ती आपल्याला नवी नाही. राखीव जागा भरायच्या नाहीत आणि वर्षांनी म्हणायचं, लायक उमेदवार मिळत नाही.

पण माझा खरा राग तानसा जलवाहिनीवर आहे. तो सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येत नाही.

मुंबईला पाणी आणणाऱ्या त्या पायपाच्या कडेनं झोपड्या होत्या. घरकाम करणारी, सफाई करणारी, बिगारी माणसं. उच्च न्यायालयाचा आदेश झाला, पाइपच्या दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर मोकळे करा. कारण दिलं पाण्याची सुरक्षितता. घरं पाडली. माणसं कुठं पाठवली? माहुलला. चेंबूरपलीकडं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या पोटात, ७२ इमारती. तिथल्या हवेपासून माणसांच्या तब्येतीला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१५ मध्येच म्हटलं होतं. तरी २०१७ मध्ये विद्याविहारच्या लोकांची घरं पाडून त्यांना तिथं ढकललं. दमा, खोकला, कातडीचे रोग. लोक रस्त्यावर बसले, लढले, कोर्टात गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं, माहुलची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडं घर द्या नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या.

आणि मोकळ्या केलेल्या त्या जमिनीवर महापालिकेनं काय आखलं? मुलुंड ते सायन, ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक. नाव इंग्रजी : 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स'. हिरवी चाकं, निळ्या रेषा. वाह रे कवी! मी पण कविता लिहितो, पण एवढी निर्लज्ज ओळ मला सुचणार नाही.

ज्या पायपाशेजारी आमच्या आईची चूल चालत नव्हती तिथं कुणाची तरी पंधरा गिअरची सायकल चालते. चुलीनं पाणी असुरक्षित होतं, चाकानं होत नाही. ज्यांची फुप्फुसं माहुलला पाठवली त्यांच्याच जागेवर दुसऱ्यांनी ताजी हवा घ्यायची. दोस्तांनो, हे पर्यावरण नाही. ही वेस आहे. पूर्वी गावाबाहेर हाकलायचे, आता शहराबाहेर हाकलतात आणि वेशीला हिरवा रंग देतात.

म्हणून काय आपण सायकलीच्या विरोधात उभं राहायचं? अजिबात नाही. वाहनाचा प्रश्न आपला जुना आहे. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाला महाराला टांग्यात घेऊन हाकायला तयार नव्हता, म्हणून न शिकलेल्या आपल्याच माणसानं टांगा हाकला आणि बाबासाहेब पुलाच्या दगडी फरशीवर फेकले गेले. बॅरिस्टर झालेल्या माणसाची ही गत. तामिळनाडूच्या कित्येक गावांत सवर्णांच्या आळीतून जाताना दलितानं सायकलवरून उतरायचं, हातात धरून चालायचं, हा रिवाज होता. सायकलवर बसलेल्या दलिताची मान त्यांच्या ओट्यापेक्षा वर जाते, तेच खुपतं.

त्याच तामिळनाडूत १९९० च्या सुरुवातीला पुदुकोट्टाईत साक्षरतेच्या चळवळीत हजारो बाया सायकल शिकल्या, त्यात खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. बिहारनं २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीचे पैसे दिले, तर त्या वर्गात वेळेवर नाव घालणाऱ्या मुली सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्या. तिथं पोस्टर कामाला आलं नाही. सायकल हातात दिली, आणि पोरगी निघाली. खरं प्रोत्साहन असं असतं.

आपल्या पोरांनाही एक सांगायचंय. तुम्हाला सायकलची लाज वाटते. वस्तीत कर्ज काढून बुलेट येते, निळा झेंडा लावून फिरते, हप्ता थकला की फायनान्सवाला ओढून नेतो. सायकलवाल्याला पोरगी कोण देणार, असं म्हणता. गरिबीची लाज ज्यानं गरिबी लादली त्यानं बाळगावी. आपण कशाला?

मागायचं काय ते स्पष्ट मागू. गोदी, एमआयडीसी, मंडई, रेल्वे स्टेशन, जिथं कामगार जातो त्या रस्त्याला सायकलीचा वेगळा पट्टा, सातही दिवस, चोवीस तास, कठड्यासकट. प्रत्येक कारखान्याच्या आणि गोदामाच्या गेटवर सायकलला शेड. मी माल उतरवतो तिथल्या एका गेटवर मोटारींना पत्रा आहे आणि आमच्या सायकली रेलिंगला बांधल्या की वॉचमन हवा सोडतो, वरून तसा हुकूम आहे म्हणे. आणि तिसरं, सगळ्यात पहिलं : ट्रॅकसाठी एकही घर तुटता कामा नये. तुटलंच तर आधी चांगल्या हवेत घर, मग चाक.

पुढच्या वेळी साहेबांची सायकल रॅली निघेल तेव्हा आपणही जाऊ. टी-शर्ट नको, कामाचे कपडे घालून. कॅरिअरवर डबे, दुधाचे कॅन, पेपरचे गठ्ठे, गोदीतला हुक. त्यांना दिसू दे या शहरात सायकल कोण चालवतं. विचारलं कुठं निघालात, तर सांगायचं, पाळीवर. बाजूला व्हा, उशीर होतोय.